तिसरी गिटार

उत्तम : बरं, दुसऱ्या कडव्यानंतर? डाव्या स्पीकरात मार्लोची गिटार, उजव्यात पिकेटची. मग मधे कोण वाजवतोय?

उदय : मधे कोणी नाही. मधे ड्रम आहे, बाबा.

उत्तम : ड्रमच्या मागे म्हणतोय मी.

उदय : ड्रमच्या मागे ड्रमवाला. अरे, हे गाणं त्यांनी रेकॉर्डमधून का काढून टाकलं? अर्धवट राहिलं म्हणून. दोघांनी दोन गिटारी वाजवल्या, कंटाळले, घरी गेले. आणि तू वीस वर्षांनी केबिन रोडवर माझ्या कॅसेटच्या दुकानात बसून तिसरी शोधतोयस.

उत्तम : रवी म्हणाला होता मला. ‘त्या गाण्यात तिसऱ्या गिटारला जागा आहे.’

उदय : रवी जाऊन दोन महिने नाही झाले. आता त्याच्या नावावर काहीही खपव.

उत्तम : खपवत नाहीये. शपथ.

उदय : चहा पी, थंड होतोय. आणि... काका? या ना, या. उत्तम, ऊठ, स्टूल दे. रवीचे वडील.

नागोराव : बसा, बसा. ओळखतो की ह्याला. रवीच्या पुण्यानुमोदनाला खुर्च्या लावत होता. उदय, ही कॅसेट बघ. तुझ्याकडचीच ना?

उदय : हो, अक्षर माझंच आहे. मीच भरून दिली होती रवीला. काय झालं? टेप गुंतली का?

नागोराव : गुंतली नाही. वाजते. पण कमी वाजते.

उदय : आवाज कमी येतो?

नागोराव : आवाज आहे तेवढाच आहे. त्यातली एक गिटार गेली.

उत्तम : काय गेली?

नागोराव : रवी ऑफिसातून आला की दार लावून हेच गाणं लावायचा. चहासुद्धा आतच. आता तो नाही, तर संध्याकाळचं घरात कुणी बोलंना गेलंय. त्याची आई, इंदू, म्हणाली, निदान ते गाणं तरी लावा. लावलं. तर म्हणते, हे ते नव्हे. मला वाटलं, हिच्या मनाचे खेळ. मग मी लक्ष देऊन ऐकलं. खरंच एक कमी आहे. बदलून दे बाबा. नाहीतर दुरुस्त कर.

उत्तम : काका, म्हणजे आधी तीन होत्या? नक्की तीन?

नागोराव : मला गाण्यातलं कळत नाही. पण तीन होत्या.

उत्तम : उदय! ऐकलंस?

उदय : ऐकलं. काका, घरच्या टेपचा एक स्पीकर गेला असेल. नाहीतर हेडवर मळ बसला असेल. इथे लावून बघू. दोन्ही स्पीकर चालू आहेत माझे.

(कॅसेट वाजते. तिघेही ऐकतात.)

उत्तम : हा मार्लो.

उदय : आणि हा पिकेट आला. नेहमीसारखा धावत.

नागोराव : इथं. आता यायला पाहिजे.

(गाणं पुढे जातं.)

नागोराव : नाही आली.

उत्तम : कशी होती काका, ती? वरच्या सुरात? की खाली?

नागोराव : सूर नाही सांगता यायचा. हे दोघं भांडत असतात ना, तेव्हा ती हळूच मधून जायची. भरलेली घागर घेऊन बाई गर्दीतून जाते तशी. कुणाला धक्का नाही, काही नाही.

उत्तम : मार्लो असं वाजवत नाही.

उदय : पिकेट तर नाहीच. तो आधी सगळ्यांना ढकलेल.

उत्तम : म्हणजे तिसराच माणूस! रवीला दुसरी कॉपी मिळाली असणार. उदय, विचार कर, अख्ख्या इंडियात कोणाकडे नसेल! काका, घरात आणखी कॅसेटी आहेत का? कपाटात, माळ्यावर...

उदय : उत्तम, गप.

उत्तम : अरे, पण...

उदय : गप म्हणतो ना. काका, रवीची गिटार कुठे आहे?

नागोराव : पलंगाखाली. इंदू हात लावू देत नाही.

उदय : तो वाजवायचा ते तुम्ही ऐकलंत कधी?

नागोराव : नवी आणली तेव्हा ऐकलं की. नुसती टुणटुण. आम्ही हसायचो. मी म्हटलं, अरे, शेजारचे मेहता खोली विकून जातील. तेव्हापासून दार लावायला लागला. पुढं त्यानं ते सोडलं असेल. टेपच ऐकायचा.

उदय : आणि टेप बंद करायचा तेव्हा?

नागोराव : इंदू जेवायला हाक मारायची. मग बंद.

उदय : सगळं एकदम बंद?

नागोराव : हे दोघं तिथल्या तिथं थांबायचे. ती तिसरी जराशी चालू राहायची. हातातली ओळ पुरी करायची, मग थांबायची. मला वाटायचं, टेपला थांबायला वेळ लागतो.

उदय : नाही लागत, काका.

नागोराव : थोडा तरी?

उदय : हे बघा. बटण दाबलं. बंद.

नागोराव : पुन्हा दाब बरं.

उदय : चालू. आणि हे बंद.

नागोराव : हां.

उत्तम : काका... तो रवी होता.

नागोराव : नाही रे. ते फार चांगलं वाजायचं.