शॉकअपची किरकिर

माझ्या जुन्या डर्ट बाइकला तुम्ही हसता, पण आमच्या घरात तिचा काय उपयोग होता ते मलाही गेल्या आठवड्यातच कळलं. तिचा मागचा शॉकअप प्रत्येक खड्ड्यात किरकिरायचा. तलासरीच्या मिस्त्रीने तो पूर्ण खोलला, बुश बदलले, ग्रीस भरलं आणि म्हणाला, "आता तू आलास ते घरच्यांनापण कळणार नाय."

रानशेतला घराकडच्या उतारावर मी इंजिन नेहमीच बंद करतो. त्या दिवशी गाडी सगळे खड्डे पार करून आवाज न करता थेट अंगणात आली.

आता बाबांना शुगर आहे. डॉक्टरांनी चिकू बंद केल्याला वर्ष झालं. स्वतःची वाडी असून हा माणूस फळाला हात लावत नाही, असं मी गावभर कौतुकाने सांगत फिरायचो.

बाबा ओट्यावर बसले होते. तोंडात चिकू होता, आणि शेजारी आई पुढचा सोलत होती.

मला बघून आईची सुरी थांबली. बाबांनी सावकाश घास गिळला, माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं.

"चांगली चालली होती की रे. कशाला हात लावलास तिला?"