पाय लागला की पाया पड

माझं नाव मुंजाजी, पर बोरीत टेलर म्हनल्याबिगर मला कुणी ओळखत न्हाई. जल्म येलदरीचा, धरणाच्या काठचा. आमचे आबा तिथं मासे धरायचे, आन मी त्यांचा एकुलता एक पोरगा, मला पोहायला येईना आन माशाचा वास सहन होईना. मंग आबांनी कपाळाला हात लावला आन मला बोरीला एका टेलराच्या मशीनीवर नेऊन बसवलं, ते बसलो ते बसलोच. आता अठ्ठेचाळीसचा हाय, पोट पुढं, केस मागं, आन कमरेला कराटेचा पिवळा पट्टा. हसा, हसा. गाव हसून दमलं, तुमी काय नवीन हसणार.

त्याचं असं झालं, माझी पोरगी आरती सातवीत असताना शाळेच्या शेडात कराटेचा क्लास निघाला. शिकवायला करीम सर, पंचवीस वर्षं हेच केलेला माणूस, अंगानं काडी पर उभा राह्यला की बाभळीचं खोड. आरती म्हनली मला जायचंय. आबा तवा आमच्याकडंच राहायला आलेले, ते म्हनले जाऊ दे, पर एकटी न्हाई, बाप संग पायजे. आबांचा शब्द म्हनजे आमच्या घरातलं कोर्ट. मी म्हनलं त्यात काय, बाकड्यावर बसून काज-बटन करीन. तर पहिल्याच दिवशी सरांनी मला उठवलं. म्हनले टेलरसाब, इधर तमाशा देखने का नक्को, करना है तो लाईन में, नै तो गेट के भार. बाप गेटाबाहेर म्हनजे पोरगी घरी. काय सांगू तुम्हाला, चप्पल काढली आन आठ-दहा वर्षांच्या लेकरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राह्यलो.

ड्रेस मीच शिवला. माप घेतलं लग्नाच्या पँटीचं, आन पाय फाकवून खाली बसलो तर मागून फर्रकन आवाज. आता गावातल्या अर्ध्या लोकांच्या पँटी माझ्याच हातच्या, ते सगळे त्या दिवशी आपापलं मागं चाचपायले.

पर खरी गोची वेगळीच. लढतीत लाथ मारायची असती. मला लाथ येत न्हवती अशातली गोष्ट न्हाई, लागायची, चांगली लागायची. गोची लागल्यावर व्हायची. आमच्या आबांनी लहानपणापसून हाडात भरलेलं, पाय लागला की पाया पड. माणसाला लागला, वहीला लागला, जाळ्याला लागला, भाकरीच्या टोपल्याला लागला, वाक, हात लाव, छातीला ने. तर मी लाथ मारायचो, समोरच्याच्या पोटाला लागायची, आन मी लगेच वाकून त्याला नमस्कार करायचो. वाकलो की समोरचं पोरगं निवांत माझ्या टकलावर ठोसा ठिवायचं. पहिल्या परीक्षेत असाच नापास. दुसऱ्या परीक्षेत असाच नापास. सर म्हनले मारता क्या पूजा करता? चौकात पोरं म्हनायली, टेलर लाथ मारून आशीर्वाद घेतो.

आन क्लासाचा नियम असा, तीनदा नापास की नाव कटलं. माझं नाव कटलं की आरतीचं घरी बसणं ठरलेलं, आबा काय ऐकत न्हाईत. तिचा तर नारंगी पट्टा झालेला, जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव गेलेलं. ती भांडली न्हाई, रडली न्हाई. जेवताना नुस्ती म्हनली, बाबा, या बारीला तेवढं वाकू नका ना.

तिसऱ्या परीक्षेच्या आठ दिवस आधी सर पँटीची उंची कमी करायला सकाळीच दुकानात आले. मी उदबत्ती लावली, मशीनीच्या पायडलला हात लावून नमस्कार केला, आन बसलो शिवत. सर बघायलेत, बघायलेत, आन म्हनले, सुबू एक बार पाया पड्या, अब दिनभर लात मारता उस्कू, पाप नै लगता? मी म्हनलं सर, सकाळीच माफी मागून घेतो की दिवसभराची. तर म्हनले, मियाँ, लडने के पैले जो झुकते, वो काय के वास्ते है? माझा पाय पायडलवरच थांबला. दोन वर्षं लढतीच्या आधीबी वाकायलो, पर ते काय म्हनून वाकायलो हे मला त्या दिवशी कळलं.

परीक्षेला परभणीचे परीक्षक आले. आबाबी आले, खुर्ची टाकून पुढं बसले. आन माझ्या नशिबानं जोडी कुणाशी लागली? सचिनशी. माझ्या बहिणीचा पोरगा, पोलीस भरतीच्या तयारीसाठी क्लासाला लागलेला, घोड्यावानी. आमच्याकडं भाचा म्हनजे देव, मामानं भाच्याच्या पाया पडायचं, त्याला चुकून पाय लागला तरी पाप, आन मला तर ठरवून लावायचा. मंग मी काय केलं, सगळ्यांनी नुस्ती मान वाकवली, मी सरळ सचिनच्या पायावर डोकं ठिवलं. परीक्षक म्हनले हे काय? सर म्हनले, ॲडव्हान्स है साब. उठलो आन दिली लाथ. बरोबर पोटात.

आन आता खरं सांगतो, हे कुणाला सांगितलं न्हाई. सरांनी एवढं समजावलं तरी माझा उजवा हात सवयीनं खाली निघालाच व्हता. तेवढ्यात सचिनची लाथ आली, आन माझ्या त्याच हातावर आदळून बाजूला गेली. सचिन कलंडला, मी डाव्या हातानं ठोसा दिला. परीक्षक म्हनले, वा काका, काय ब्लॉक हाय! मी म्हनलं, सरांची मेहनत. वाकलो मातर न्हाई.

पास. आरती पळत आली, टकलावर पापी घेतली, सगळ्यांदेखत.

घरी जाताना आबा म्हनले, मुंज्या, तुला किती मार बसायला रे तिथं. पोरीला तर कुणी हातबी लावू शकलं न्हाई. उद्यापसून ती एकटी जाईल, तू दुकान बघ. काय सांगू तुम्हाला, सुटलो म्हनायला पायजे व्हतं. पर दुसऱ्या दिवशी क्लासाचे साडेपाच वाजले, आन मीच मशीन कापडानं झाकून निघालो. आरती म्हनली, बाबा, तुमी कशाला? मी म्हनलं, तू तुझ्या लाईनीत ऱ्हा, मी माझ्या.

आता नारंगीच्या परीक्षेला बसायलोय. तुमच्या लेकीबाळींवर कुणाला लाथ मारायची पाळी न येवो. आन आलीच, तर नेम न चुको.