प्रोसेसरचं टेंडर

…नाही, तुम्हीच सांगा, "वापरावर आहे" हे काय उत्तर झालं? माणूस दुकानात जाऊन सरळ विचारते, बाबा रे, ह्या दोन प्रोसेसरमधला चांगला कोणता, आणि समोरचा डोळे अर्धे मिटून, जशी काही समाधीच लागली आहे, म्हणते, "अंकल, यूज़ पे है." अरे, वापरावर तर सगळंच आहे! वांगंही वापरावर आहे, भाजलं तर भरीत, भरलं तर भाजी! पण भाजीवालीले मी विचारलं, बाई, वांगी कशी आहेत, तर ती म्हणते का, काका, वापरावर आहे? ती म्हणते, बी नाही, कीड नाही, घेऊन जा! असं बोलावं माणसाने!

तुमाले सांगतो, मी नरहरी ढोबळे, सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या खरेदी विभागात काढली. भट्टीच्या विटेपासून साहेबाच्या टेबलावरच्या काचेपर्यंत काहीही घ्यायचं असलं की फाईल माझ्याकडे. कोणती पार्टी काय देते, केवढ्यात देते, कधी देते, सगळं समोरासमोर मांडून तक्ता करायचा. आमच्यात त्याले कम्पॅरेटिव्ह म्हणतात. माझ्या कम्पॅरेटिव्हवर ऑडिटवाल्यांनी कधी बोट ठेवलं नाही! साहेब म्हणत, "ढोबळे का कम्पॅरेटिव्ह मतलब पत्थर की लकीर." आता ज्या माणसाने एवढे मोठे पाण्याचे पंप तोलूनमापून घेतले, त्याले बिस्किटाएवढी एक टिकली घेता येणार नाही? प्रोसेसर म्हणजे केवढा असते? बिस्किटाएवढाच तर असते! चहात बुडवला तर दिसणार नाही!

तर झालं असं, की आमची पोरगी, उत्कर्षा, लग्नाचे व्हिडिओ कापते. लोकं लग्न लावतात, ही कापते. रायपूरच्या एका स्टुडिओने तिले म्हटलं, हे घे एक लग्न, ह्याची छानशी फिल्म करून सतरा सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत पाठव, सगळ्यांच्यात तुझी आवडली तर कायमचं काम, तेही घरबसल्या. घरबसल्या! हा शब्द ऐकला आणि आमची बायको कमलिनी उठून देवापुढे साखर ठेवून आली. कावून? तर पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं पोरीच्या मेलमध्ये येऊन पडलं होतं. म्हणजे पाहा, रायपूरचं जमलं तर पोरगी इथंच, मरोद्यात आमच्या क्वार्टरमध्ये, नाही जमलं तर पुणे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये आडवा कोण पडला होता? आमचा जुना कम्प्युटर! त्याच्यात ती नवरी हार घालायले हात उचलायची आणि तिथंच थांबायची. आमचं जेवण व्हायचं, भांडी व्हायची, कमलिनीची झोप व्हायची… नवरीचा हात वरच! नवरदेव मान वाकवून उभा, बिचारा!

म्हटलं, बेटा, नवा घेऊ. बाप बसला आहे.

तर उत्कर्षा म्हणते, "बाबा, निळ्या डब्यातला घ्या, माझ्या कामाले तोच बरा. झालं."

झालं? एका वाक्यात? असं एका वाक्यात घेता आलं असतं तर सरकारने खरेदी विभाग कशाले उघडला असता? मी म्हटलं, "बेटा, ह्याले सिंगल टेंडर म्हणतात. उद्या कोणी विचारलं की दुसरी पार्टी कुठं आहे, तर काय सांगू?"

दुसरी पार्टी घरातच होती! हर्षल, तिचा भाऊ, कॉलेजात आहे. म्हणजे कॉलेजात नाव आहे, बाकी तो गेममध्ये राहते. तो पलंगावरूनच ओरडला, "बाबा, लालवाला लो! गेमिंग में उसके सामने कोई टिकता ही नहीं! गेम अटकता ही नहीं, फ्रेम ड्रॉप ही नहीं होता!"

म्हटलं, "घरात मराठी बोल!"

"बाबा, फ्रेम ड्रॉप होतच नहीं ना!"

हे आमचं मराठी. जाऊ द्या.

तर एक लाल, एक निळा. मी व्हिडिओ पाहायले बसलो. त्याच्यात एक पोरगा, टोपी उलटी, हातात दोन्ही डबे, बोलून राहिला बोलून राहिला… गेममध्ये लाल पुढे, एडिटिंगमध्ये निळा पुढे, लाल वीज कमी खाते, निळा तापते जास्त, पण निळ्याचं अमुक चांगलं, पण लालचं तमुक टिकाऊ… मी चष्मा लावून, पेन उघडून, श्वास रोखून, की आता सांगते, आता सांगते… आणि शेवटी हसून म्हणते काय? "तो दोस्तों, कौन सा लें? आपके यूज़ पे डिपेंड करता है!" अरे दोस्ताच्या घरचा! अर्धा तास माझा घेतला तेव्हा नाही म्हटलं वापरावर आहे म्हणून! दुसरा व्हिडिओ लावला, दुसरा पोरगा, टोपी सरळ… तोही तेच! बाईचा लावला, म्हटलं बाया घर चालवतात, स्पष्ट बोलतील. तीही तेच!

मग सुपेल्याले गेलो, मोनूच्या कम्प्युटरच्या दुकानात. चांगला पोरगा आहे, पण ग्राहकाकडे पाहत नाही, मोबाईलकडे पाहून बोलते. म्हटलं, "मोनू, बेटा, तू रोज विकतोस. तुझ्या घरी तू कोणता लावला असता?" आता ह्याच्यावर तर उत्तर यावंच लागते की नाही? तर म्हणते, "अंकल, मैं तो लैपटॉप चलाता हूँ."

तेव्हा मले कळलं, ह्या देशात आपलं कम्पॅरेटिव्ह आपणच करावं लागते.

केलं! रीतसर केलं! खेळ, काम, किंमत, असे तीन भाग, प्रत्येकाले मार्क. आता मार्क किती कशाले, हे ठरवायले वापरणारे विभाग बोलावले, म्हणजे दोन्ही पोरं. हर्षल म्हणते, गेमले अर्धे मार्क द्या. उत्कर्षा म्हणते, "गेमले शून्य. बाबा, तारीख पाहा ना." मी म्हटलं, बेटा, एका विभागाचं ऐकून निर्णय घेतला तर पक्षपात होते, मग तिन्ही भागांना सारखे मार्क. बेरीज केली… काय यावं? दोघांची सारखी! लाल तेवढा, निळा तेवढा! कमलिनी पोळ्या लाटता लाटता म्हणते, "मग चिठ्ठी टाका ना." चिठ्ठी! पत्थर की लकीरवाल्या माणसाले म्हणते चिठ्ठी टाका!

आमच्यात सारखी बेरीज आली की दोन्ही पार्ट्या बोलावून बोलणी करतात. मी मोनूले फोन लावला, म्हटलं, दोघांनाही बोलाव, शेवटचं काय ते सांगू दे. तो म्हणते, "अंकल, वो लोग अमेरिका में बैठते हैं." म्हटलं, इथं त्यांचा कोणी माणूस? तर म्हणते, "मैं ही हूँ… दोनों का."

आता बोलणी चालू असताना बाकीचं काम थांबवायचं का? प्लांटमध्ये मशीन यायची असली की पहिले फाऊंडेशन टाकतात. मशीन मागून येते, सिमेंट आधी वाळते. तसा मी मोनूकडून मदरबोर्ड आणून ठेवला. कम्प्युटरचं फाऊंडेशन तेच ना? चांगला, मजबूत, काळा कुळकुळीत. घरच्यांना म्हटलं, पाहा, काम सुरू झालं!

आणि मग विजेचा मुद्दा काढून मी लालले अर्धा मार्क जास्त दिला. अर्धाच! उन्हाळ्यात आपल्या भिलाईत पंखासुद्धा गरम हवा फेकते, तिथं घरात तापणारी वस्तू आणखी कशाले, असा शेरा मारला, सही केली, मोनूकडे गेलो, म्हटलं, लाल दे, ऑर्डर पक्की. बोर्ड दाखवला. मोनूने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला. म्हणते, "अंकल, ये तो इसमें लगेगा ही नहीं. ये नीलेवाले का बोर्ड है. दोनों का सॉकेट अलग आता है."

"मग विकताना सांगतलं कावून नाही?"

"आपने पूछा था कौन सा बोर्ड अच्छा है. मैंने बोला था…"

"यूज़ पे है!" मी आणि तो एकदमच बोललो. दुकानातली चार गिऱ्हाईकं हसली.

बोर्ड वापस होईना, डबा फोडलेला. मग काय! फाऊंडेशन ज्याचं, मशीन त्याची. निळा घेतला! घरी आलो तर उत्कर्षा डब्याकडे पाहून म्हणते, "बाबा, पहिल्या दिवशी मी हेच म्हटलं होतं."

"हो, पण तेव्हा तक्ता कुठं होता?"

ती वळली, आत गेली. आता ह्याच्यात मी काय चुकीचं बोललो? तक्ता नव्हताच!

तर सोळा तारखेच्या दुपारी मशीन उभी झाली. मोनूचा माणूस जोडून गेला. उत्कर्षा हार्ड डिस्क हातात घेऊन दारातच उभी, पूजेले ताट घेऊन उभं राहावं तशी. म्हटलं, थांब बेटा, ट्रायल झाल्याशिवाय मशीन वापरणाऱ्या विभागाच्या ताब्यात देत नाहीत. फुल लोडवर चालवून पाहायची असते. आणि घरात फुल लोड कोण देऊ शकते? हर्षल! त्याने असा काही गेम लावला, तुमाले सांगतो, खोलीत बंदुका, हेलिकॉप्टर, बाँब… "भाई कवर दे! कवर दे ना भाई!" त्याने ट्रायल घेतली ती पोटभर घेतली! मी मध्ये मध्ये हात लावून पाहून राहिलो, तापते का. कमलिनी म्हणते, "अहो, त्या पोरीले बसू द्या आता." म्हटलं, आज ट्रायल, उद्या ताबा.

उद्या! सतरा सप्टेंबर! माझ्या डोक्यातच नाही आलं… सतरा सप्टेंबर म्हणजे विश्वकर्मा पूजा!

आता भिलाईच्या माणसाले ते सांगायले नको, पण बाहेरचे असाल तर ऐका. त्या दिवशी आमच्याकडे मशीनले विश्रांती. क्रेन उभी, लेथ उभा, पान्यालेसुद्धा कुंकू. हथखोजच्या छोट्या कारखान्यांतही त्या दिवशी भोंगा नाही, लाऊडस्पीकर वाजते. आमच्या घरी तर मिक्सरही फिरत नाही, चटणी पाट्यावर! लग्न झाल्यापासून कमलिनीने पाट्यावर वाटली आहे ती, मीच वाटायले लावली आहे. आणि मी सकाळी आंघोळ करून, कॅबिनेटले झेंडूचा हार घालून, नारळ फोडून, माऊसले हळदीकुंकू लावून, तारेले लाल धागा बांधून बसलो… मागून पोरगी म्हणते, "बाबा, आज संध्याकाळी पाठवायचं आहे."

म्हटलं, "बेटा, आज नाही. आज मशीनवर हात ठेवत नाहीत."

"भट्टी चालते ना बाबा आज? प्लांटची भट्टी तर बंद नाही ना करत?"

तुमाले सांगतो, खरेदी विभागात आयुष्य गेलं, असा मुद्दा कोणत्या पार्टीने काढला नव्हता. भट्टी खरंच चालते. ती थांबवली तर आतलं लोखंड गोठते. मी म्हटलं, "भट्टीची गोष्ट वेगळी आहे."

"मले पण तेच वाटून राहिलं," ती म्हणाली, "की माझी गोष्ट वेगळी असंल."

कमलिनी म्हणते, "अहो, लावू द्या. देवाले मी समजावते. तो तुमच्यापेक्षा लवकर समजते." पण हार घातलेली मशीन… तुम्हीच सांगा, हाराखालचं बटण दाबायचं कसं?

पोरीने वाद नाही घातला. हार्ड डिस्क पर्समध्ये टाकली, स्कूटी काढली, बोरसीले तिच्या मैत्रिणीकडे, शिल्पाकडे गेली. शिल्पाचा कम्प्युटर आमच्या जुन्याचा सख्खा भाऊ! पण त्याच्यावर तिने फिल्म पुरी केली. पाठवलीसुद्धा. फक्त वेळ टळून गेल्यावर.

स्टुडिओवाल्याचा फोन आला. मीच घेतला, म्हटलं समजावून सांगू, मशीन तयार होती, कारण धार्मिक होतं. तो गोड बोलला. "अंकल जी, फिल्म तो सबसे बढ़िया है. पर टाइम पे जिसकी आई, काम उसको दे दिया." फोन ठेवला तर कमलिनी समोर उभी. म्हणते, "तुमच्या त्या तक्त्यात वेळेचा रकाना होता का हो?"

आता वेळेची जबाबदारी पार्टीची असते, खरेदीवाल्याची नसते… हे मी तिले सांगायले गेलो, पण ती पोरीची बॅग भरायले आत गेली होती.

दुर्ग स्टेशनवर पोरगी खिडकीतून हात हलवून राहिली. गाडी हलली तेव्हा म्हणते, "बाबा, मशीन चांगली आहे. खरंच. वापरा." म्हटलं, हो. आता मी काय लग्न कापू? हर्षल त्याच्यावर बाँब टाकते. रविवारी कमलिनी पुण्याचा व्हिडिओ कॉल लावते, आणि पोरगी अशी स्वच्छ दिसते, अशी स्वच्छ दिसते, की डोळ्याखालचं काळंही दिसते. थांबत नाही, अडकत नाही, मध्ये काही होत नाही… तेवढं तरी म्हणावं लागते. कमलिनी म्हणते, "निळा चांगला निघाला." आणि पदर डोळ्याले लावते. आता ह्याले काय म्हणावं… वापरावर आहे!

तर दिवाळीले पोरीले सुटी नाही भेटत म्हणे. कमलिनी म्हणाली, आपण जाऊ पुण्याले. म्हटलं, चला. पुण्याले जायले दोन गाड्या पाह्यल्या. एक लवकर पोचते पण अवेळी पोचते, एक उशिरा पोचते पण उजेडात पोचते, एकीत गर्दी, एकीत डबा जुना… बसलो मी दोन्ही समोरासमोर मांडून. तक्ता केला मन लावून. काल पक्कं ठरवलं, स्टेशनवर गेलो, लाईनीत उभा राहिलो, खिडकीपाशी पोचलो. आतली बाई म्हणते, "कौन सी में दूँ अंकल? वेटिंग दोनों में है."

म्हटलं, बाई… कोणतीही द्या.