सोफ्याची मधली जागा

...आन् वरून घरचे मलाच विचारतेत, 'शिवराज, तुला ऐकू येतं ना रे तिथं?' आता काय बोलावं, तुम्हीच सांगा! होम थिएटरचा रिसीव्हर माझा, पाच स्पीकर माझे, तो खालचा धमधम करणारा डबा माझा, आन् मी बसतो कुठं, तर दाराजवळच्या स्टुलावर, चपलांच्या शेजारी. तुम्हाला सांगतो, सगळा खेळ मधल्या जागेचा हाय.

घ्यायला गेलो तिथंच डोकं फिरलं. दुकानदार म्हणतो, 'अरे भाई, सात स्पीकर का लेव, पाच में क्या मजा?' वॅट सांगतो, ओहम सांगतो, मी आपली मान हलवतो, कारण समजलं नाय म्हणणं आपल्याला जमत नाय. आमच्या मोनिकानं गुलमंडीत साडीसाठी अख्खं दुकान उलगडायला लावलं तरी चालतं, पण मी दोन रिसीव्हर ऐकले तर म्हणते, 'अहो, सारखेच तर वाजतेत.'

बरं, आणला. त्याच्यासंगं एक माईक येतो, बोटाएवढा. जिथं बसून ऐकायचं तिथं तो ठिवायचा, घरात कुणी हूं का चूं करायचं नाय, मग रिसीव्हर टुईंऽऽ टुईंऽऽ करून त्या जागेचं माप घेतो आन् आवाज तिथं नीट बसवतो. म्हणजे सोफ्याच्या मधोमध. आन् तिथं कोण? आमचे अण्णा. वडील हो! माईक घेऊन गेलो तर म्हणले, 'मी उठू का?' आता बापाला कुणी ऊठ म्हणतं व्हय? दिला माईक त्यांच्याच हातात. आन् अण्णा सोसायटीची निवडणूक लढलेले, हातात माईक आल्यावर गप बसतेत का... टुईंऽऽ सुरू झालं की ह्यांचं, 'उपस्थित बंधूंनो!' टीव्हीवर अक्षरं आली, शांतता राखा. अण्णा म्हणतेत, 'कुणाला म्हणतंय हे?' झालं, परत पहिल्यापासून.

मला वाटलं, कधीतरी उठतील. उठले की! लासूरहून कडुबामामा आले, अण्णा स्वतः उठले आन् म्हणले, 'पाव्हणं, इथं बसा, खरा आवाज इथंच येतो.' पाव्हण्याला मान द्यायलाच पायजे, मी नाय म्हणत नाय. पण चारी बाजूंनी गोळीबार चाललेला आन् मामा मधोमध बसून घोरायलेत, हे बघून जीव किती जळला असंल! एकदा, फक्त एकदा तिथं बसून ऐकायचं होतं मला. सगळा खेळ मधल्या जागेचा, आन् तीच आपली नाय.

शेवटी परवा सगळे लग्नाला गेले. मी म्हणलो, कंपनीत काम हाय. साफ खोटं. आतून कडी लावली, पडदे ओढले, मधोमध मांडी ठोकली आन् लावला सिनेमा. काय सांगू तुम्हाला... घोडे ह्या कानाकडून आले, डोक्यावरून गेले, त्या कानाकडं उतरले. डोळ्यात पाणी आलं हो, एवढा आनंद झाला मला.

तेवढ्यात मागं दार करकरलं. जड पावलं. कुणीतरी खाकरलं. मी ताडकन उठलो, स्टुलावर जाऊन बसलो, पाय खाली, पाठ सरळ. वळून बघतो तर कडी तशीच लावलेली. खाकरलं होतं ते सिनेमातलं, मागच्या स्पीकरमधून.

परत मधी जाऊन बसायला काय झालं होतं? घरात दुसरं माणूस नव्हतं. पण नाय जमलं बघा, उरलेला सिनेमा स्टुलावरूनच बघितला. रिसीव्हर मात्र लई भारी निघाला... एकदम अण्णा आल्यासारखं वाटतं.