जग वाचवणारा मोहाच्या झाडावर

आपल्या दिवाकरले इचारा, जग कसं वाचवाचं! सुपरहिरोचे सारे पिच्चर तोंडपाठ आहेत त्याले. परवा मी, तो अन् त्याची माय जंगलात मोहफुलं वेचाले गेलो. वाघ पाठीमागून झडप घालते, म्हणून त्याले मागूनही तोंडच दिसावं असा मायनं डोक्याच्या मागं मुखवटा बांधला. हा फिदीफिदी हसून राह्यला.

"माय, हिरो मुखवटा तोंडावर लावते, मागं नाई!"

तेवढ्यात झुडूप हाललं. मी वळून पाहतो तं आपला हिरो मोहाच्या झाडावर! उडाला असन बहुतेक. झुडपातून निघालं वासरू.

मायनं टोपली सरकवून झाडाखाली ठेवली अन् वर पाह्यलं.

"चढलाच आहेस तं फांदी हालव बाबू, फुलं तरी पडतीन."