कॅन्सल की कंटिन्यू

...मग विचारता कशाला, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला सांगतो, मी आवाज चढवणारा माणूस नव्हे, सुतारकीत जन्म गेला पण वाकड्या फळीलाही कधी शिवी दिली नाही, पण हा फोन... जाऊ दे.

आमच्या हिच्या मोतीबिंदूची तारीख मुलानं फोनवरून घेऊन दिलेली, कितीतरी वाट बघून मिळालेली. ही रोज विचारायची, "अहो, तारीख आहे ना जागेवर?" आता तारीख काय म्हैस आहे दावं सोडून जायला? पण मी आपला रोज उघडून बघायचो. अन् एके दिवशी हा अंगठा कुठंतरी लागला. सुताराचा अंगठा, एका वेळी तीन बटणं दाबतो. फोन विचारतो, कॅन्सल करायचं का? खाली बटणं दोन. एक कॅन्सल, दुसरं कंटिन्यू.

करवत लावण्याआधी मीही विचारतो, "कापू का?" समोरचा म्हणतो काप, नाहीतर म्हणतो थांब. "काप" आणि "चालू ठेव" अशी दोन उत्तरं कोण देतं? मग विचारता कशाला?

आमची रीत अशी, की दोघांचं एकमत झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तिला दिसत नाही, मला इंग्रजी कळत नाही. मी अक्षरं लावायची, अर्थ तिनं सांगायचा, ती माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढं. म्हणाली, "कंटिन्यू म्हणजे चालू ठेवा. आपल्याला तारीख चालूच ठेवायचीय ना? दाबा." दाबलं. हिरवी खूण आली, आम्ही निश्चिंत.

ठरल्या दिवशी नाहूनधुवून दवाखान्यात गेलो, तर खिडकीतली मुलगी म्हणते, "आजोबा, ही तारीख तुम्हीच रद्द केलीत."

"पोरी, मी चालू ठेवली."

"हो, रद्द करणं चालू ठेवलंत. सिस्टिमनं विचारलं होतं ना तुम्हाला?"

विचारलं होतं, बाई. पण मग विचारता कशाला?

मुलाला फोन लावला. "बाबा, कॅन्सल दाबायचं होतं." म्हटलं, "अरे, त्यानं कॅन्सल झालं नसतं का?" "नाही हो, कॅन्सल करणं कॅन्सल झालं असतं." याच्या फीसाठी मी रात्रंदिवस रंधा मारला.

नवी तारीख तीन महिन्यांनी. ही बाकावर पिशवी मांडीवर घेऊन सगळं ऐकत बसलेली. मी जवळ गेलो, आतून नुसता जळत होतो. तिनं चाचपडत माझा हात धरला अन् म्हणाली, "चिडू नका हो. आणखी तीन महिने तरी तुम्ही मला तरुणच दिसाल."