धावपट्टीच्या चौदा फांद्या

जबाब, दि. २० फेब्रुवारी

मी, ऑस्मो रांताला, वय ६१ वर्षे, धंदा मासेमारी, रा. सीकायार्वी तळ्याकाठी, लॅपलँड, फिनलंड.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हिवाळ्यात आमच्या गोठलेल्या तळ्यावर टपालाचे छोटे विमान उतरते; कधी त्यातून डॉक्टरीणबाईही येतात. धावपट्टीच्या दोन्ही कडांना स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या रोवून ठेवणे हे माझे काम. ढगाळ दिवशी आभाळ आणि बर्फ एकच पांढरे होते. फांद्या दिसल्या तरच बर्फ किती खाली आहे ते वैमानिकाला कळते. वैमानिक तौनो किवेला, वय ६१, माझा शाळेपासूनचा मित्र.

शुक्रवारी मी बर्फाखाली जाळे लावले. त्यासाठी बर्फात पाडलेल्या भोकांवर खुणा हव्या होत्या. नव्या फांद्या तोडायला कमरेएवढ्या बर्फातून जंगलात जावे लागले असते. मी आळस केला. विमान जिथे टेकते त्या टोकाच्या चौदा फांद्या उपटून जाळ्याकडे नेल्या. विमान सोमवारी यायचे होते.

शनिवारी ११.२० वाजता तौनोचा फोन आला. सोमवारी वादळ आहे, आजच येतो म्हणाला. "फांद्या उभ्या आहेत ना रे, की तूच आडवा आहेस अजून?"

मी म्हणालो, "आहेत, आहेत. तू ये गुमान." नाहीत म्हणालो असतो तर त्याने गावभर माझी टर उडवली असती. तासभर हातात आहे, तेवढ्यात लावून टाकू असे वाटले. बर्फावर चालणारी स्नोमोबाइल सुरू होईना, म्हणून चालत निघालो. जाळ्यापाशी पोचलो तोच विमान आले. वेळ १२.०५, आभाळ ढगाळ. मी हात हलवले. फांद्या नव्हत्या. अजून उंचीवर असल्यासारखे ते तसेच खाली आले, बर्फावर आदळले आणि उलटले.

तौनो एकटाच होता. त्याला ओढून बाहेर काढले. उजवा पाय मोडला होता. तो म्हणाला, "फांद्या कुठे होत्या रे?"

मी म्हणालो, "होत्या की! तुलाच दिसल्या नाहीत." हे तोंडातून कसे गेले ते माहीत नाही. माहीत आहे. मी भ्यालो.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेले. पोलीस येईपर्यंत पाऊण तास होता. तेवढ्यात मी चौदाही फांद्या परत जागेवर रोवल्या. बर्फ पडत होता, पावले बुजली. तुमच्या फोटोत त्या उभ्या दिसतात, त्या मी नंतर लावलेल्या आहेत.

काल इस्पितळात गेलो. तौनो म्हणाला, "म्हातारा झालो रे ऑस्मो. एवढ्या फांद्या समोर, आणि मला एक दिसू नये! उद्या डॉक्टरीणबाईंना घेऊन पडलो तर? परवाना परत करतोय." अर्ज लिहून उशाशी ठेवला होता. मी संत्री ठेवली आणि निघून आलो. माझ्यासारखा हलकट मीच.

त्याची नजर चांगली आहे. मागच्याच आठवड्यात माझ्या सौनाच्या न्हाणीघराचे दार उघडे राहिलेले त्याने वरून पाहिले आणि उतरल्या उतरल्या मला शिव्या घातल्या. अर्ज आज संध्याकाळच्या टपालाने जाणार आहे. त्याआधी इस्पितळात फोन करावा, ही विनंती.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'वैमानिकाला फांद्या दिसल्या नाहीत' असे एक वाक्य होते. ते मी खोडायला लावले आणि 'फांद्या नव्हत्या' असे लिहून घेतले. आता बरोबर आहे.

सही: ऑस्मो रांताला